कुत्रा व मांजर यांवरील शस्त्रक्रिया

कुत्रा व मांजर यांवरील शस्त्रक्रिया म्हणजे या दोन पाळीव प्राण्यांचे आजार, इजा किंवा जन्मजात व्यंग दूर करण्यासाठी, त्यांच्या वेदना कमी करण्यासाठी अथवा त्यांचे प्रजनन थांबवण्यासाठी पशुवैद्यकाने भूल देऊन केलेले शस्त्रोपचार होत. पशुवैद्यकशास्त्रात हा विषय लहान प्राण्यांच्या शल्यचिकित्सेत मोडतो. गाय, म्हैस, घोडा इत्यादींची शल्यचिकित्सा ही मोठ्या प्राण्यांची शाखा मानली जाते.

या शस्त्रक्रियांपैकी निर्बीजीकरण सर्वांत जास्त प्रमाणात केले जाते. त्याखेरीज मोडलेली हाडे जोडणे, अर्बुदे काढणे, गिळलेल्या वस्तू बाहेर काढणे, मूतखडे काढणे, अडलेल्या मादीची प्रसूती करणे, दात काढणे आणि डोळ्यांवरील शस्त्रक्रिया नेहमी कराव्या लागतात. एकाच आजारावर बहुधा एकाहून अधिक मार्ग उपलब्ध असतात. त्यांतील कोणता निवडावा हे प्राण्याचे वय, वजन, जात, इतर आजार, उपलब्ध साधने आणि पालकाची आर्थिक क्षमता यांवर ठरते.

इतिहास

प्राचीन भारतात पशुवैद्यक प्रामुख्याने युद्ध व वाहतूक यांसाठी उपयोगी प्राण्यांभोवती वाढले. शालिहोत्र हे नाव अश्ववैद्यकाशी, तर पालकाप्य हे गजवैद्यकाशी जोडले जाते. पालकाप्याच्या नावावर असलेल्या हस्त्यायुर्वेद या ग्रंथात शल्यचिकित्सेला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबरच पशूंच्याही चिकित्सेची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे.

आधुनिक पशुवैद्यक शिक्षणाची सुरुवात क्लोद बूर्जला यांनी फ्रान्समधील लियाँ येथे स्थापन केलेल्या विद्यालयापासून मानली जाते. त्याला १७६१ साली मंजुरी मिळाली. त्या काळात भर घोडे व गुरे यांवर होता. १८४६ साली इथर आणि १८४७ साली क्लोरोफॉर्म यांचा भूल देण्यासाठी वापर सुरू झाला. १८६७ साली जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धतीवरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला. मानवी वैद्यकातील या प्रगतीचा लाभ हळूहळू प्राण्यांनाही मिळाला. विसाव्या शतकात शहरांतून घोड्यांचा वापर घटला व कुत्रा-मांजरे पाळण्याचे प्रमाण वाढले, तसतशी लहान प्राण्यांची शल्यचिकित्सा स्वतंत्र शाखा म्हणून विकसित झाली.

मुंबईतील परळ येथे १८८६ साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. परळ येथीलच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय हे देशातील जुन्या पशुरुग्णालयांपैकी एक आहे. २००० साली नागपूर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले व राज्यातील पशुवैद्यक महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली.

शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी

तातडीचा प्रसंग नसेल तर शस्त्रक्रियेपूर्वी प्राण्याची शारीरिक तपासणी, रक्ततपासणी आणि गरजेनुसार क्ष-किरण, सोनोग्राफी किंवा हृदयाची तपासणी केली जाते. भारतात गोचिडांमुळे होणारे अर्लिकिया व बबेसिया यांचे संसर्ग कुत्र्यांत सर्रास आढळतात. त्यांत रक्तातील बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, कमी होतात किंवा पंडुरोग होतो आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्यातही शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तस्राव थांबेनासा होऊ शकतो. म्हणून येथे रक्ततपासणीला विशेष महत्त्व आहे.

प्रौढ प्राण्याला शस्त्रक्रियेपूर्वी काही तास उपाशी ठेवतात; पाणी मात्र बराच वेळ चालू ठेवले जाते. पोटात अन्न असताना भूल दिल्यास उलटी होऊन ते श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. पिल्लांना फार काळ उपाशी ठेवल्यास रक्तातील साखर घटते, त्यामुळे त्यांचा उपवास कमी वेळाचा असतो.

मोठा रक्तस्राव अपेक्षित असल्यास रक्ताची सोय करावी लागते. मांजरांत ए, बी व एबी असे मुख्य रक्तगट आहेत. मांजराच्या शरीरात दुसऱ्या गटाविरुद्ध प्रतिपिंडे आधीपासूनच असतात, त्यामुळे पहिल्याच वेळी चुकीच्या गटाचे रक्त दिल्यास ते प्राणघातक ठरू शकते. कुत्र्यांत पहिल्या वेळी असा तीव्र परिणाम सहसा होत नाही. तरीही गट व जुळणी तपासणे इष्ट समजले जाते.

भूल

माणसाला ज्या लहानसहान शस्त्रक्रिया केवळ जागा बधिर करून सहन होतात, त्यांपैकी अनेकींसाठी प्राण्याला पूर्ण भूल द्यावी लागते, कारण प्राणी स्थिर राहत नाही. प्रथम शामक व वेदनाशामक औषधे दिली जातात. त्यानंतर प्रोपोफॉल किंवा केटामाइन व डायझेपाम यांसारख्या औषधांनी प्राण्याला बेशुद्ध करून श्वासनलिकेत नळी घातली जाते आणि आयसोफ्लुरेनसारख्या वायुरूप औषधाने भूल टिकवली जाते. जेथे वायुभूल यंत्र नसते तेथे केवळ शिरेतून दिलेल्या औषधांवर शस्त्रक्रिया केल्या जातात. यासोबत मज्जारज्जूभोवती किंवा विशिष्ट नसेभोवती बधिर करणारे औषध दिल्यास भुलीची मात्रा कमी लागते.

भुलीचा धोका पूर्णपणे टाळता येत नाही. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात झालेल्या मोठ्या पाहणीत भुलीशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांत सुमारे ०.१७ टक्के व मांजरांत सुमारे ०.२४ टक्के आढळले. निरोगी प्राण्यांपुरता विचार केल्यास हे प्रमाण अनुक्रमे ०.०५ व ०.११ टक्के होते. मृत्यूंचा मोठा भाग शस्त्रक्रियेदरम्यान नव्हे, तर ती संपल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत घडला होता. त्यामुळे प्राणी पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याचे तापमान, श्वास व नाडी यांवर लक्ष ठेवणे हा भुलीचाच भाग मानला जातो. लहान शरीरामुळे मांजरे भुलीत लवकर गार पडतात. पग, बुलडॉग व पर्शियन मांजर अशा चपट्या तोंडाच्या जातींत श्वासमार्ग अरुंद असल्याने नळी काढल्यानंतरचा काळ जोखमीचा असतो.

निर्बीजीकरण

मादीमध्ये गर्भाशय व दोन्ही अंडाशय काढले जातात किंवा फक्त अंडाशय काढले जातात. पहिली पद्धत भारतात अधिक रूढ आहे, तर दुसरी युरोपात बऱ्याच प्रमाणात वापरली जाते. गर्भाशय निरोगी असल्यास दोन्हींचे दूरगामी परिणाम सारखेच असतात. छेद पोटाच्या मध्यरेषेवर किंवा कुशीत घेतला जातो. कुशीतील छेद लांबूनही दिसतो, त्यामुळे परत सोडायच्या मादीची जखम तिला न पकडता पाहता येते. दुर्बिणीच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेत छेद लहान व वेदना कमी असतात, परंतु त्यासाठी महाग उपकरणे व प्रशिक्षण लागते.

नरामध्ये दोन्ही वृषणे काढली जातात. कुत्र्यात छेद बहुधा वृषणकोशाच्या पुढे, तर बोक्यात थेट वृषणकोशावर घेतला जातो. बोक्याच्या छेदाला सहसा टाके घालावे लागत नाहीत. एखादे वृषण पोटात किंवा जांघेत अडकून राहिले असेल, तर त्यात अर्बुद होण्याचा धोका अधिक असल्याने ते शोधून काढणे आवश्यक समजले जाते.

मादीतील निर्बीजीकरणामुळे गर्भाशयात पू होण्याचा धोका जवळजवळ संपतो. स्तनांच्या अर्बुदांबाबत १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांत हा धोका, शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेत, केवळ ०.५ टक्के उरल्याचे नोंदवले गेले. पहिल्या माजानंतर तो ८ टक्के व दुसऱ्यानंतर २६ टक्के होता. पुढील काळातील समीक्षेत या विषयावरील पुरावा समजला जातो तितका भक्कम नसल्याचे मत मांडले गेले. दुसऱ्या बाजूस, निर्बीजीकरणानंतर वजन वाढणे आणि काही माद्यांत लघवीवरील ताबा सुटणे हे ज्ञात दुष्परिणाम आहेत. गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातींत फार लवकर केलेल्या निर्बीजीकरणाचा सांध्यांच्या विकारांशी संबंध आढळल्याने अशा कुत्र्यांत शरीराची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबण्याचा सल्ला अनेक पशुवैद्यक देतात. मांजर मात्र चार ते सहा महिन्यांच्या वयातच माजावर येऊ शकते, त्यामुळे तेथे थांबण्याचे कारण सहसा नसते.

मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण

भारतात मोकाट कुत्र्यांची संख्या व रेबीजचा प्रसार आटोक्यात ठेवण्यासाठी निर्बीजीकरण व लसीकरण हा मार्ग स्वीकारलेला आहे. त्यासाठी प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये २००१ साली प्राणी जन्म नियंत्रण (श्वान) नियम करण्यात आले. त्यांची जागा २०२३ साली नव्या नियमांनी घेतली. पकडलेल्या कुत्र्यावर शस्त्रक्रिया करून, रेबीजची लस टोचून, ओळखीसाठी कानाला खूण करून त्याला मूळ जागी सोडणे हे या नियमांचे सूत्र आहे.

घरच्या कुत्र्याची जखम पालक रोज पाहतो. मोकाट कुत्र्याच्या बाबतीत ती सोय नसते. म्हणून विरघळणारे टाके, लहान छेद, निर्जंतुक हत्यारे आणि सोडण्यापूर्वी काही दिवस निगराणीखाली ठेवणे या गोष्टी कळीच्या ठरतात. त्यांत कसूर झाल्यास टाके उसवणे, जखमेत अळ्या पडणे व मृत्यू असे परिणाम होतात आणि नागरिकांचा या उपक्रमावरील विश्वासही कमी होतो. एखाद्या भागातील बहुसंख्य कुत्र्यांचे निर्बीजीकरण कमी काळात झाले नाही, तर उरलेल्यांच्या प्रजननामुळे संख्या पुन्हा भरून निघते.

पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रिया

गर्भाशयात पू साठणे (पायोमेट्रा) : हा निर्बीजीकरण न झालेल्या, विशेषतः मध्यमवयीन व वृद्ध माद्यांचा आजार आहे. तो बहुधा माजानंतरच्या काही आठवड्यांत उद्भवतो. जास्त तहान, सुस्ती, भूक मंदावणे, उलट्या व योनिमार्गातून स्राव ही लक्षणे असतात. गर्भाशयाचे मुख बंद असल्यास स्राव दिसत नाही, म्हणून हा प्रकार अधिक धोक्याचा असतो. शिरेतून द्रव व प्रतिजैविके देऊन लवकरात लवकर गर्भाशय व अंडाशय काढणे हा मुख्य उपचार आहे. केवळ औषधांवरील उपचार प्रजननासाठी ठेवलेल्या निवडक माद्यांपुरता मर्यादित असतो व त्यानंतर आजार पुन्हा होऊ शकतो.

जठर फुगणे व पिळणे : ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या व खोल छातीच्या जातींत जठर वायूने फुगून स्वतःभोवती पिळते. कुत्रा उलटीचा प्रयत्न करतो, पण काही बाहेर पडत नाही. पोट ताठ होते व काही तासांत प्राण जाऊ शकतो. जठरातील वायू काढून, द्रव देऊन शस्त्रक्रियेने पीळ सोडवला जातो आणि जठर पोटाच्या उजव्या भित्तीला शिवले जाते. हे शिवणे वगळल्यास आजार उलटण्याचे प्रमाण मोठे असते. धोका असलेल्या जातींत निर्बीजीकरणाच्या वेळीच जठर शिवून घेण्याचा पर्यायही उपलब्ध आहे.

गिळलेल्या वस्तू : कुत्र्यांत हाडे, रबरी चेंडू, मोजे, मक्याची कणसे आणि आंब्याच्या कोयी आतड्यात अडकतात. मांजरे सुई-दोरा किंवा नुसता दोरा गिळतात. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली अडकून आतडे त्यावर चुण्यांसारखे गोळा होते व कापले जाऊ शकते. तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबणारा दोरा ओढू नये, असे म्हणूनच सांगितले जाते. वस्तू जठरात असल्यास काही वेळा दुर्बिणीने काढता येते. अन्यथा आतडे उघडावे लागते, आणि त्याचा भाग मृत झाला असल्यास तो कापून निरोगी टोके जोडली जातात.

अडलेली प्रसूती : गर्भधारणेचा काळ दोन्ही प्राण्यांत साधारण ६३ दिवसांचा असतो. पिल्लू आडवे येणे, गर्भाशयाची शक्ती संपणे किंवा पिल्लाचे डोके मोठे असणे या कारणांनी पोटातून प्रसूती करावी लागते. बुलडॉगसारख्या जातींत ही शस्त्रक्रिया बऱ्याचदा आधीच ठरवली जाते.

मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया

मूतखड्यांचा प्रकार उपचार ठरवतो. स्ट्रुवाइट जातीचे खडे विशेष आहाराने व प्रतिजैविकांनी विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे विरघळत नाहीत, त्यामुळे ते मूत्राशय उघडून किंवा अन्य मार्गाने काढावे लागतात. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो खड्यांनी वा चिकट गाळाने बंद होतो. लघवी पूर्ण अडल्यास रक्तातील पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकते. पहिला उपचार नळी घालण्याचा असतो. अडथळा वारंवार येत असल्यास मूत्रमार्गाचा अरुंद भाग काढून गुदद्वाराखाली रुंद तोंड तयार केले जाते.

अर्बुदे

अर्बुद काढण्यापूर्वी सुईने पेशी घेऊन किंवा तुकडा काढून त्याची जात ओळखणे हितावह असते, कारण किती निरोगी ऊती सोबत काढायची हे त्यावर ठरते. काढलेले अर्बुद सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर ते पूर्ण निघाले की नाही हे कळते. प्रत्येक अर्बुदावर शस्त्रक्रिया हाच उपाय नसतो. भारतातील मोकाट कुत्र्यांत समागमातून पसरणारे लैंगिक अर्बुद वारंवार दिसते. ते व्हिन्क्रिस्टिन या औषधाच्या आठवड्यागणिक दिलेल्या इंजेक्शनांनी बहुतांशी बरे होते, तर केवळ कापून काढल्यास ते पुन्हा वाढू शकते.

हाडे, सांधे व मज्जारज्जू

वाहनाची धडक आणि उंचावरून पडणे ही अस्थिभंगाची प्रमुख कारणे आहेत. लहान वयातील साधा भंग प्लास्टरने बरा होऊ शकतो. इतर ठिकाणी हाडाच्या पोकळीत पिन घालणे, पट्टी व स्क्रू बसवणे किंवा बाहेरून सांगाडा लावणे हे पर्याय असतात. उंच इमारतीतून पडलेल्या मांजरात पायाबरोबरच जबडा, टाळू व छाती यांचीही तपासणी करावी लागते. हाडांच्या शस्त्रक्रियेपूर्वी श्वसन स्थिर करणे महत्त्वाचे असते.

गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटणे हे कुत्र्यांतील मागच्या पायाच्या लंगडण्याचे मोठे कारण आहे. लहान चणीच्या कुत्र्यांत विश्रांती व वजन घटवणे किंवा सांध्याबाहेरून मजबूत धागा बांधणे पुरते. मोठ्या कुत्र्यांत नडगीच्या हाडाचा वरचा भाग कापून त्याचा उतार कमी करण्याची शस्त्रक्रिया केली जाते. ती अमेरिकन पशुशल्यवैद्य बार्कले स्लोकम यांनी विकसित केली. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकते. तिच्या चार श्रेणी मानल्या जातात व सौम्य श्रेणीत शस्त्रक्रिया टाळता येते. लॅब्राडोर व जर्मन शेफर्ड यांतील खुब्याच्या सदोष वाढीवर वेदनाशामक उपचारांपासून मांडीच्या हाडाचे डोके काढणे व संपूर्ण खुबा बदलणे इथपर्यंत पर्याय आहेत.

पाय वाचवणे शक्य नसल्यास तो कापावा लागतो. पालकांना हा निर्णय जड जातो, परंतु इतर पाय निरोगी असलेली बहुतेक कुत्री व मांजरे तीन पायांवर काही आठवड्यांत सहज वावरू लागतात.

डॅक्सहुंड जातीत मणक्यांमधील चकती सरकून मागचे पाय लुळे पडतात. पायांतील खोलवरची वेदना जाणवत असेपर्यंत मज्जारज्जूवरील दाब काढल्यास बरे होण्याची शक्यता चांगली असते; ती जाणीव गेल्यावर मात्र शक्यता बरीच घटते.

डोळे, श्वासमार्ग व दात

तिसऱ्या पापणीतील ग्रंथी बाहेर येऊन डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गाठ दिसते. पूर्वी ती कापून टाकली जात असे. मात्र ही ग्रंथी अश्रूंचा मोठा वाटा निर्माण करते व ती काढल्यास डोळा कायमचा कोरडा पडू शकतो. त्यामुळे आता ती जागेवर शिवून बसवली जाते. मोतीबिंदूवर माणसाप्रमाणेच ध्वनिलहरींनी भिंग फोडून काढण्याची शस्त्रक्रिया होते. पगसारख्या जातींत झटापटीत डोळा खोबणीबाहेर येतो. तो ओला ठेवून त्वरित उपचार मिळाल्यास निदान डोळा राखता येतो.

चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत अरुंद नाकपुड्या रुंद करणे व लांब मऊ टाळू आखूड करणे यांमुळे श्वसन सुधारते. उष्ण व दमट हवामानात अशा कुत्र्यांना उष्माघाताचा धोका अधिक असल्याने ही शस्त्रक्रिया लहान वयात करणे फायद्याचे ठरते.

प्रौढ कुत्र्याला ४२ व मांजराला ३० दात असतात. हिरड्यांच्या आजारामुळे दात काढणे ही नेहमीची शस्त्रक्रिया आहे. मांजरांतील तोंडाच्या तीव्र दाहात बहुतेक किंवा सर्व दात काढल्यावर अनेक मांजरे पुन्हा नीट खाऊ लागतात.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी

त्वचेचे टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढले जातात. तोपर्यंत प्राण्याने जखम चाटू नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची पट्टी बांधतात, उड्या मारू देत नाहीत व आंघोळ घालत नाहीत. जखमेतून रक्त वा पू येणे, सूज वाढत जाणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, एक दिवसाहून अधिक काळ न खाणे किंवा लघवी न होणे ही पशुवैद्यकाकडे त्वरित जाण्याची लक्षणे आहेत.

माणसाची वेदनाशामके प्राण्याला स्वतःच्या मनाने देणे धोक्याचे आहे. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करण्याची त्याच्या यकृताची क्षमता फार कमी असते. आयबुप्रोफेन व डायक्लोफिनॅक यांमुळे कुत्र्यांत जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

कायदा व नैतिक प्रश्न

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकच करू शकतो. केवळ दिसण्यासाठी कान वा शेपटी कापणे, भुंकणे बंद करण्यासाठी स्वरतंतू कापणे आणि मांजराची नखे बोटाच्या पेरासह काढणे या शस्त्रक्रियांना अनेक देशांत विरोध आहे. युरोपातील पाळीव प्राण्यांच्या संरक्षणाच्या १९८७ च्या करारात त्यांवर बंदी नमूद आहे; शेपटी कापण्याबाबत सदस्य देशांना सूट घेण्याची मुभा आहे. २०१९ साली मांजरांची नखे काढण्यावर बंदी घालणारे न्यूयॉर्क हे अमेरिकेतील पहिले राज्य ठरले.

उपचारांची शक्यता वाढली तशी निर्णयाची अडचणही वाढली. मोठ्या शहरांत सी.टी. स्कॅन, खुबा बदलणे व मज्जारज्जूवरील शस्त्रक्रिया उपलब्ध होऊ लागल्या आहेत. मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ साली टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालय सुरू झाले. ग्रामीण भागातील दवाखाने मात्र मुख्यतः गुरांसाठी सज्ज असतात. खर्च, पुढील शुश्रूषा आणि प्राण्याच्या उरलेल्या आयुष्याचा दर्जा यांचा विचार करून पालकाला संपूर्ण उपचार, वेदना कमी करण्यापुरता उपचार किंवा असाध्य अवस्थेत दयामरण यांतून निवड करावी लागते. प्रत्येक पर्यायाचे फायदे, धोके व अंदाजे खर्च आधी समजावून सांगून लेखी संमती घेणे ही पशुवैद्यकाची जबाबदारी मानली जाते.

हे सुद्धा पहा

पशुवैद्यकशास्त्र
रेबीज
मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय
प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६०